कन्यादानातली गाय

वकिलीची सनद मिळाल्यावर माझ्याकडे आलेला पहिला दावा मी हरलो. दावा एका गाईचा होता. माझी अशील म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि ज्यांच्या साक्षीनं आम्ही हरलो ते आमचे वडील. आता इतकी सगळी घरचीच माणसं असताना कोर्टात जायची गरज काय होती, असं कोणीही विचारील. आईनं तर तेव्हाच विचारलं होतं.

उन्हाळ्यात नात्यातली मुलं जमली की कोणीतरी म्हणतंच, "काका, गाईचा खटला सांगा." मग मी सांगतो. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. माझा काळा कोट आहे. एका लठ्ठ वकिलांच्या विधवेनं तो आईला दिला होता आणि त्यात माझ्यासारखे दोघे मावले असते. कोर्टाच्या आवारात गाय हजर केली तेव्हा तिनं पट्टेवाल्याच्या फेट्याचा शेमला चघळला, तेही आहे. मुलं हसतात, मीही हसतो आणि आंबे कापले जातात. पण अक्काला मी हे कधी हसवून सांगितलं नाही, आणि लिहायला बसल्यावर समोर मुलं नसतात.

तेव्हा आम्ही भवानी पेठेत राहत होतो. विणकरांच्या घरांमागे दोन खोल्या आणि पुढे एक बोळवजा अंगण. दिवसभर मागांची खटखट आणि वेळेवर गिरणीचा भोंगा. इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. गाव निवळलं होतं, पण कोर्टातले शिपाई अजून माणसाच्या डोक्यावरची टोपी खादीची तर नाही ना, ते आधी बघत. आमचे वडील, आप्पा, हायस्कुलात संस्कृत शिकवत. अत्यंत सरळ माणूस. सरळ माणसाबरोबर राहणं किती अवघड असतं, हे ज्याच्या घरात तसा माणूस नाही त्याला कळायचं नाही. दूधवाल्यानं चुकून जास्त दूध घातलं तर आप्पा ते परत द्यायला त्याच्यामागे दोन पेठा जात. तोवर घरी चहा व्हायचा राहायचा.

अक्काचं लग्न ती तेरा-चौदाची असताना झालं. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गाईला कालवड झाली आणि गाय गेली. तांबडी, मागच्या एका पायानं जन्मतःच लंगडी अशी ती कालवड जगेल असं कोणाला वाटलं नव्हतं. अक्कानं तिला पेजेत भिजवलेल्या चिंधीवर वाढवलं. ती रात्री अक्काच्या उशाशी यायची. आई ओरडायची, आप्पा झोपेत "असू दे" म्हणायचे. मी अक्काहून लहान, आणि माझ्या वाट्याची पेजही त्या कालवडीला जायची. तेव्हा तिच्याबद्दल मला फार प्रेम होतं असं म्हणणार नाही.

लग्न ठरलं ते माढ्याच्या घरात. मुलगा मामलेदार कचेरीत कारकून, घरची थोडी जमीन, स्वतःचं घर. अक्का कालवड बरोबर नेणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुलीला माहेरून आंदण म्हणून गाय देतातच. तसंच झालं असतं तर ही गोष्ट झालीच नसती.

पण कन्यादानाच्या वेळी भटजी म्हणाले, "आता गोदान. निष्क्रय ठेवा." म्हणजे गाईच्या जागी एक नाणं. कन्यादान पुरं व्हायला त्याच्याबरोबर जावयाला गाईचं दान द्यायचं असतं. खरी गाय आता कोणी देत नाही. सगळे नाणं ठेवतात आणि पुढं सरकतात.

आप्पा म्हणाले, "दारात कालवड बांधलेली असताना नाणं कशाला?"

भटजी म्हणाले, "रीत तीच आहे गुरुजी. मुहूर्त चाललाय."

"रीत नसेल तेव्हाची आहे. असताना नाणं ठेवणं म्हणजे देवाच्या डोळ्यांत धूळ."

भटजींनी हात जोडले. कालवड मांडवात आणली. तिच्या शिंगांच्या कोंबांना हळद लावली. एका वऱ्हाड्याच्या धोतरावर तिनं पाय दिला. आप्पांनी जावयाच्या ओंजळीवर पाणी सोडलं आणि ती दिली. त्याआधी घटकाभर अक्का दिली होती, तशीच. मग वरात निघाली तेव्हा कालवड अक्काच्या मागोमाग चालली. बघणारे सगळे म्हणाले, बघा, माहेरचं आंदण कसं चाललंय लेकीमागं. आप्पाही तेच म्हणाले. त्या पाण्याची आठवण कोणालाही राहिली नाही. दोघांना सोडून.

पुढची दहा-अकरा वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण अक्कानंही ती कधी विस्तारानं सांगितली नाहीत. तिला मूल झालं नाही. गाय एकदा गाभडली, पुन्हा गाभण राहिली नाही. सासरी दोघींचं नाव एका दमात घ्यायची सवय पडली. सासू वारल्यावर दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, दुसरं लग्न केलं. त्या काळी त्याला कोणी नाव ठेवत नसे. आम्हाला पत्रिका आली होती. नव्या नवरीला उंबऱ्यावर ओवाळायचं काम अक्काकडे होतं. तिनं ओवाळलं.

लोकांना वाटतं सवत आली म्हणून अक्का उठून आली. तसं नाही. सवत आली तरी ती राहिली होती. पण नवरीच्या माहेरून आंदण म्हणून एक दुभती म्हैस आली. गोठ्यातली सावलीची जागा म्हशीला दिली आणि तांबडीला बाहेर उन्हात बांधलं. चैत्राचे दिवस. मग घरात बोलणं निघालं की हिला येत्या बाजारी काढावी, भाकड जनावर किती दिवस पोसायचं. अक्कानं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी दाजी कचेरीत गेल्यावर तिनं गाडी ठरवली, गाय मागं बांधली आणि भर बाजारातून निघाली.

दोन दिवसांनी गाडी आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबली. गाडीवान एक म्हातारा मुसलमान होता. मी पुढं झालो तर तो भाड्याचं न बोलता मला सांगायला लागला, "बाई गाडीत बसल्याच न्हाईत बघा. गाय लंगडती म्हनून ह्या बी चालत. मी म्हनलं, अम्मा, मग गाडी कशाला केली? तर म्हनं, गाय दमली तर तिला चढवायला."

"चढवली का?"

"मोहोळच्या म्होरं चढवली की. माझे बैल माझ्याकडं असं बघायलेत."

अक्का अंगणात उभी होती. पायाला फोड आलेले. आईनं तिला जवळ घेतलं, आणि मग दुसऱ्याच क्षणी, "अगं, पण ही बांधायची कुठं?"

ती बांधली अंगणात, म्हणजे बोळात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिला वळसा घालायचा. शेजारच्या तेलुगू विणकर बाई सुताला लावायची खळ शिजवत. उरलेली खळ त्या मडक्यातून तांबडीला आणून घालायला लागल्या. त्यांच्याही भाषेत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे ओळख करून द्यायचं काम वाचलं. त्यांना मराठी बेताचं येई. गाईच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणत, "अक्का, ही लई गरीब हाय." अक्का म्हणे, "हो." एवढंच दोघींचं बोलणं, पण ते रोज व्हायचं. आल्यापासून अक्का आमच्याशी त्याहून कमी बोलली होती.

महिन्याभरानं समन्स आलं. दाजींनी गाय परत मिळावी म्हणून दावा लावला होता. बायको परत मिळावी असं त्यात कुठं नव्हतं. मी दोनदा वाचून बघितलं.

आता दाजींना ती लंगडी, भाकड, म्हातारी गाय कशाला हवी होती? दुधाला नाही, शेणाला तर म्हैस होती. पण बायको गाय घेऊन जाते आणि सारा माढ्याचा बाजार ते बघतो, याला कचेरीतला माणूस काय करणार? रोज कोणीतरी विचारायचं, "रावसाहेब, गाय आली का परत?" बायकोचं कोणी विचारत नव्हतं, ते विचारण्यासारखं नव्हतं. गाईचं विचारता येत होतं.

मी फार खुशीत होतो. हे कबूल करायला हवं, कारण मुलांना सांगताना मी याच ठिकाणी कोट घालून दाखवतो. सनद नवी, बाहेरच्या खोलीत टेबल-स्टूल मांडलेलं पण अशील येत नव्हतं, आणि समोर हा दावा. एका स्नेह्याकडून हिंदू कायद्याचं जाड पुस्तक आणलं. त्यात सापडलं की लग्नात अग्नीसमोर जे मिळतं ते बाईचं स्त्रीधन, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. मी अक्काला वाचून दाखवलं.

"म्हणजे माझी?" तिनं विचारलं.

"तुझीच. कोणाचा बाप आला तरी."

"कोणाचा?" अक्का म्हणाली. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

चूल, चहा, गाय यापलीकडे अक्का काही बोलत नव्हती. मागणं एकच, गाय राहू दे. दुसरं काही मागायला तिला जागाही नव्हती. बांगड्या दाजींकडे राहिल्या होत्या आणि मूल नव्हतं. पोटगीसाठी भांडू म्हटलं तर "ते नको" म्हणायची. सकाळी उठल्यावर पहिला हात ती तांबडीच्या गळ्याला लावायची, आंघोळीच्याही आधी. आप्पा ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. सोवळ्याच्या बाबतीत ते बोलले नाहीत असं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मग वादीच्या साक्षीदारांची यादी आली, आणि तीत आप्पांचं नाव होतं.

मला आधी हसू आलं. समोरचे वकील चुकले असं वाटलं. ते गावातले जुने, तपकीर ओढणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. असा माणूस अशी चूक करणार नाही, हे कळायला मला एक रात्र लागली. सकाळी आप्पा शाळेला निघायच्या आधी मी विचारलं, "तुम्हाला का बोलावलंय?"

"त्या पाण्यासाठी," आप्पा म्हणाले.

"कुठल्या?"

मग त्यांनी सांगितलं. जावयालाही आठवत असणार, म्हणाले, त्याच्याच ओंजळीवर पडलं.

आई आतून आली. तिच्या हाताला पीठ होतं. "आठवत नाही म्हणा," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. माणसाला आठवत नाही."

"मला आठवतं."

"ते तुम्हाला माहीत. सबजज्जाला काय माहीत?"

"विचारल्यावर सांगावं लागेल."

"एक शब्द फिरवलात तर जानवं तुटतं का?"

"तुटत नाही," आप्पा म्हणाले. "मग तो नुसता दोरा राहतो."

"राहू दे की दोरा. पोरीला गाय तरी राहील."

आप्पांनी काठी घेतली, टोपी घातली आणि शाळेत गेले. अक्का अंगणात होती. तिनं सगळं ऐकलं असणार, कारण बोळ एवढासाच होता. ती तांबडीला कडबा घालत होती. घालायचं थांबली नाही.

साक्षीच्या दिवशी गाय ओळखीसाठी आवारात हजर करायची होती. ती, अक्का, मी आणि माझा कोट असे आम्ही चालत गेलो. आप्पा वेगळे आले. साक्षीदारानं एका बाजूच्या माणसांबरोबर येऊ नये असं त्यांचं मत. दाजी आधीच आले होते. त्यांनी मला नमस्कार केला. अक्काकडे पाहिलं नाही, गाईकडे पाहिलं. गाईनं त्यांना ओळखल्याचं दिसलं नाही. फेट्याचा प्रकार त्याच वेळी झाला.

आधी दाजींची साक्ष झाली. मी उलटतपासणीत विचारलं, "आपल्याला गाय हवी आहे, बायको नको, असं समजायचं का?"

"बायकोचा दावा मी लावलेला नाही," दाजी म्हणाले. "तिचं तिनं बघावं. गाय माझी आहे." कोर्टात कोणीतरी खाकरलं. मला वाटलं, जिंकलो.

अक्काची साक्ष एवढीशीच झाली. सबजज्जांनी स्वतः विचारलं, "बाई, गाय नवऱ्याला न विचारता का नेलीत?"

"मी गेल्यावर तिला पाणी कोण दाखवणार होतं?" अक्का म्हणाली. ते पुढं काही विचारतील म्हणून ती थांबली. त्यांनी विचारलं नाही. ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली.

मग आप्पा. शपथ घेताना त्यांनी शिपायाचा उच्चार सुधारला. वर्गात उभे राहत तसेच पिंजऱ्यात उभे राहिले.

जुने वकील फार आदरानं म्हणाले, "गुरुजी, कालवड आपण कोणाला दिलीत?"

"जावयांना."

"मुलीला नव्हे?"

"नव्हे. कन्यादानाचं अंग म्हणून दिली. ते दान वराला असतं."

"निष्क्रय न ठेवता? खरी कालवड?"

"खरी."

"आपल्याला नक्की आठवतं?"

"मंत्र म्हणून दाखवू?"

"नको," सबजज्ज म्हणाले.

मी उठलो. काय हाक मारावी ते कळेना. आप्पा म्हणता येईना, गुरुजी म्हणणं तर परकं वाटलं. शेवटी "आपण" म्हणून सुरुवात केली. "आपण सांगा, लग्नानंतर सगळे लोक ती गाय प्रतिवादीची, म्हणजे आपल्या मुलीची, असंच म्हणत होते की नाही?"

"म्हणत होते."

"आपणही म्हणत होतात?"

"मीही म्हणत होतो."

इथं मी खाली बसायला हवं होतं. वकिलीत पुढं जे काही शिकलो त्यातलं निम्मं म्हणजे खाली कधी बसावं एवढंच. पण मला तेव्हा ते येत नव्हतं. मी म्हणालो, "मग?"

"मग काय?" आप्पा म्हणाले. "घरात बोललो ते बोलणं. पाणी सोडलं ते देणं."

जुन्या वकिलांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली. पुन्हा उठले. "एकच, गुरुजी. दान दिलेलं परत घेता येतं?"

"नाही."

"मग त्याच मांडवात दान केलेली कन्या आज आपल्या घरी आहे. ती कशी?"

या प्रश्नाचा गाईशी काही संबंध नव्हता. मी हरकत घ्यायला उठलो, पण कोटाची बाही खुर्चीच्या हाताला अडकली. ती सोडवेपर्यंत सबजज्ज मान कलती करून आप्पांकडे बघायला लागले होते. त्यांनाही उत्तर हवं होतं. आप्पा विचार करत होते. वर्गात एखाद्या मुलानं खरंच अवघड विचारलं की ते करत तसा.

"ती पाहुणी आहे," आप्पा म्हणाले.

मी दाराकडे पाहिलं. अक्कानं पदर सारखा केला, बस.

बाहेर आल्यावर जुने वकील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. तुझा बाप बघून मी साक्षीला बोलावलं. त्याच्या जागी माझा बाप असता तर बोलावलं नसतं."

त्या दिवशी घरी अक्कानंच स्वयंपाक केला. आप्पांचं पान वाढलं. आई म्हणाली, "पाहुणीला चुलीपुढं बसवायची रीत कुठली म्हणे?" आप्पा जेवले. ताक मागताना अक्काकडे बघितलं आणि मागितलं नाही. तिनं न मागता वाढलं.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. सबजज्जांनी दोन वाक्यं हळहळीची लिहिली होती. त्यांचा गाईला काही उपयोग नव्हता.

बेलिफ आला तो शनिवारी सकाळी, बरोबर माढ्याची गाडी आणि दोन गडी. दाजी बोळाच्या तोंडाशी छत्री घेऊन उभे राहिले. आत आले नाहीत. बेलिफानं हुकूमनामा वाचला. गड्यांनी दावं सोडलं. तांबडी दोन पावलं चालली आणि बोळाच्या मधोमध बसली. एकानं शेपूट पिळलं. ती उठेना. शेजारच्या विणकर बाई दारात येऊन तेलुगूत काहीतरी बोलल्या. त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारला नाही. गडी जरा मागं सरला.

अक्का घरातून बाहेर आली. हातात तिची पेटी होती. ती तांबडीजवळ गेली, गळ्याखाली हात घातला, "ऊठ" म्हणाली. तांबडी उठली.

"अक्का, पेटी कशाला?" मी विचारलं.

"हिच्याबरोबर."

"तिथं कोण आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. मीच ओवाळून घेतलंय तिला."

बोळाच्या तोंडाशी दाजींनी छत्री मिटली. "मी गाय मागितली होती," ते म्हणाले. बेलिफाकडे वळून म्हणाले, "हुकूमनाम्यात फक्त गाय आहे ना?"

"फक्त गाय, रावसाहेब."

अक्कानं पेटी गाडीत ठेवली. माणसं जमली होती, माग थांबले होते. ती दाजींशी बोलली, पण आवाज चढवला नाही. "कोर्टात सांगितलंय आप्पांनी. शपथेवर. दोघी एकाच मांडवात, एकाच पाण्यानं दिल्यात तुम्हाला. एक तुमची आणि एक नाही, असं कसं चालेल? गोठ्याशेजारची खोली आहे, तिथं राहीन. तुमच्या चुलीला हात लावणार नाही."

दाजींनी आजूबाजूला पाहिलं. एवढ्या लोकांत ते नाही म्हणू शकले नाहीत, जसे गाईचं विचारणाऱ्यांना काही सांगू शकले नव्हते. त्यांनी छत्री उघडली आणि पुढं चालायला लागले.

आप्पा पूजेवरून उठून आले होते. अक्का परत आली, वाकून नमस्कार केला. आप्पा सवयीनं आशीर्वाद द्यायला लागले, "अखंड सौ—" आणि थांबले. सौभाग्य छत्री घेऊन समोर चाललं होतं. त्यांनी हात तसाच अक्काच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "जेवून गेली असतीस."

"ऊन व्हायच्या आत निघते. हिला चालवत नाही," अक्का म्हणाली.

गाडीत ती याही वेळी बसली नाही.

पुढं दरवर्षी भाऊबीजेला मी माढ्याला जात असे. दाजी मला वकीलसाहेब म्हणत आणि चहा देत. अक्का गोठ्याशेजारच्या खोलीत राहायची, वेगळं शिजवायची. तांबडी चार-पाच वर्षं जगली. ती गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी अक्काला आणायला गेलो. ती आली नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. कोर्टात मात्र मी तोवर बऱ्यापैकी विचारायला शिकलो होतो.

पण अक्का गाईमागं माढ्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. हे मी मुलांना सांगत नाही.

रविवार होता. आप्पा सकाळी माझ्या खोलीत आले. आजवर ते तिथं अशील म्हणून कधी आले नव्हते. आले ते अशिलाच्या स्टुलावर बसले. बोळ सुना होता. शेजारच्या बाईंनी सवयीनं खळीचं मडकं आणून ठेवलं होतं आणि ते तसंच होतं, त्यावर माश्या बसल्या होत्या.

"अपिलाची मुदत आहे ना अजून?" आप्पांनी विचारलं.

"आहे."

"मग कर अपील."

मी म्हणालो, "आप्पा, अपिलात काय सांगणार? सगळा निकाल तुमच्या साक्षीवर आहे."

"मी पुन्हा साक्ष देतो."

"अपिलात सहसा साक्ष घेत नाहीत."

"अर्ज कर. म्हणावं, साक्षीदार म्हातारा आहे, त्याला पुन्हा बोलायचंय." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा.

मी कागद पुढं ओढला. टाक दौतीत बुडवला. खरंच लिहायला घेतलं. मग विचारलं, कारण अर्जात ते घालावं लागतं, "या खेपेला काय सांगाल?"

आप्पा खिडकीतून त्या मडक्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. काहीतरी जुळवून बघत असावेत, एकदा, पुन्हा एकदा. टाकाची शाई कागदावर पडली.

"तेच सांगावं लागेल," ते म्हणाले.

मी टाक खाली ठेवला. ते लगेच उठले नाहीत. आईनं आतून चहा झाल्याची हाक मारली. मग पुन्हा मारली. आम्ही दोघंही तिथंच बसून होतो.